गुलाब ठवरेची अदलाबदल

"बंधूंनो, आज या खोलीत जो निर्णय होईल, तो येणाऱ्या शंभर पिढ्या विसरणार नाहीत," असं म्हणत आबासाहेब खंडाळकर उभे राहू लागले आणि धोतराचा सोगा खुर्चीच्या खिळ्यात अडकल्यामुळे परत बसले. सोगा सोडवायला दोन माणसं लागली. तेवढ्या वेळात निर्णय कशाबद्दल आहे हे आबासाहेब विसरले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मंडळाचा चिटणीस होतो. अध्यक्षांना विषयाची आठवण करून देणं हे माझं मुख्य काम.

"गुलाब," मी हळूच म्हणालो.

"गुलाब!" आबासाहेब कडाडले. "गुलाब ठवरे! आपल्या मंडळाचा मुकुटमणी! त्याला बोरगावला द्यायचं, की नाही द्यायचं?"

मुकुटमणी समोरच बाकाच्या टोकाला बसला होता. बाक साधारण मापाच्या माणसांसाठी केलेलं असल्यामुळे त्याचे गुडघे हनुवटीला लागत होते. सहा फूट तीन इंच उंचीच्या माणसाचं नाव गुलाब का ठेवलं, हे विचारायला त्याची आई उरली नव्हती. तो अकरा वर्षांचा असताना ती गेली, आणि तेव्हापासून तो ठोसर मास्तरांच्या घरी वाढला. मास्तर शाळेत कवायत शिकवायचे आणि संध्याकाळी आमच्या मंडळाचा बास्केटबॉलचा संघ सांभाळायचे. त्यांनाही घरी दुसरं कोणी नव्हतं. दोघं एका ताटात नाही, पण एका चुलीवरचं जेवायचे, आणि गावात एकाला हाक मारली की दुसरा वळून बघायचा.

खेळाडूंचा प्रतिनिधी म्हणून गुलाब कार्यकारिणीचा सभासद होता. म्हणजे स्वतःला द्यायचं की ठेवायचं, यावर त्याला स्वतःलाही मत द्यायचं होतं. यात कोणाला काही विचित्र वाटलं नाही. सावळापूरला असल्या गोष्टी विचित्र वाटत नाहीत.

प्रकरण असं होतं. आमचं मैदान नगरपालिकेचं. मंडळाचा संघ जिल्ह्याच्या पहिल्या गटात खेळतो तोवर मैदान मंडळाकडे, अशी अट होती. संघ खालच्या गटात गेला, की तिथे भाजीबाजार बसणार होता. बाजाराच्या ओट्यांसाठी विटासुद्धा येऊन पडल्या होत्या आणि आमची पोरं त्यांच्यावरच बसून बूट बांधत होती. संघ तळाला होता. अशा वेळी बोरगावच्या मिलवाल्यांचा निरोप आला: गुलाब आम्हाला द्या, बदल्यात आमची दोन उंच, तयार पोरं घ्या. गुलाबला मिलच्या गोदामात कायमची नोकरी, राहायला खोली. उरलेल्या हंगामात सगळे आपापल्या नव्या संघाकडून खेळतील.

"मी स्पष्टच बोलतो," वामनराव चिंचाळकर म्हणाले. वामनरावांचं किराणा दुकान होतं आणि ते नेहमी स्पष्टच बोलत. "एक देऊन दोन भेटत असतील, तर त्यात विचार काय करायचा? मी तर एका नारळावर अर्धा नारळ जास्त भेटला तरी घेतो."

"गुलाब नारळ आहे काय?" मी विचारलं.

"नारळ नाही, म्हणून तर दोन मिळून राहिले."

"वामनराव, जिल्ह्यात याच्यासारखा खेळाडू नाही."

"नाही ना? मग आपण जिंकत काहून नाही?"

हा प्रश्न गावात सगळ्यांना पडला होता, पण गुलाबच्या तोंडावर तो कोणी विचारला नव्हता. खरंच, आमचा गुलाब एकटाच आमच्या संघाचे जवळजवळ सगळे गुण करायचा, आणि आम्ही हरायचो. गावचे लोक त्याला खांद्यावर घेऊन मिरवायचे, आणि आम्ही हरायचो. मिरवणुकीला तर इतकी सवय झाली होती, की बँडवाले निकाल विचारत नसत.

"मी सांगू का?" गुलाब म्हणाला.

त्याचा आवाज अंगाच्या मानाने फार लहान होता. सगळे त्याच्याकडे वळले. ठोसर मास्तर तेवढे वळले नाहीत. ते कोपऱ्यात स्टुलावर बसून मांडीवरच्या चेंडूत पंपाने हवा भरत होते. सभा असली तरी त्यांच्या हातात काहीतरी लागायचंच.

"मी असलो की बाकीचे चौघं माझ्याकडे चेंडू फेकतात," गुलाब म्हणाला, "आणि मग पाहत उभे राहतात. त्यांचा दोष नाही जी. तुम्हीपण पाहतच राहता. पण समोरचे पाच जणं मिळून एकाला अडवतात, आणि आमच्याकडचे चार प्रेक्षक होऊन जातात. मी नसलो तर ते खेळतील. खेळावंच लागेल त्यांना."

"म्हणजे तुझ्यामुळेच आपण हरतो, असं म्हणतोस तू?" आबासाहेबांनी वकिली पद्धतीने विचारलं.

"होय जी."

"हे तू स्वतःच्या विरुद्ध बोलून राहिला, बरं का. पाहिजे तर मागे घे."

"नाही घेत."

वामनरावांचासुद्धा चेहरा पडला. दुकानदाराला घासाघीस न करता गिऱ्हाईकाने हो म्हटलं की जसं चुकल्याचुकल्यासारखं होतं, तसं त्यांना झालं असावं. ते म्हणाले, "नाही, म्हणजे तू खेळतो चांगला. तसं नाही माझं म्हणणं."

"तुमचं बरोबरच आहे काका."

मी मास्तरांकडे पाहिलं. पंपाचा दांडा वर-खाली होत होता. चेंडू भरून झाला होता, हे माझ्यासारख्या खेळ न कळणाऱ्यालाही दिसत होतं.

"मास्तर," मी म्हणालो, "तुम्ही बोला ना काही. पोरगा तुमचा आहे."

"पोरगा मंडळाचा आहे," मास्तर म्हणाले.

"तरी."

त्यांनी पंप काढला. चेंडू दोन्ही हातांत धरून जरा दाबून पाहिला. मग चेंडूशीच बोलावं तसे म्हणाले, "बोरगावला लाकडी पट्ट्यांचं मैदान आहे. इथं याचे गुडघे दर हंगामाला सोलून निघतात. तिथं नोकरी आहे, खोली आहे. उद्या लग्न करील. इथं माझ्या घरात दोन खाटा टाकल्या की दार लागत नाही." ते थांबले. "पोराचं भलं होत असेल, तर आपण मध्ये पडू नये."

गुलाबने मान खाली घातली. ती गुडघ्यांना लागली.

"म्हणजे तुमची संमती?" आबासाहेब म्हणाले.

"मत मतासारखं घ्या," मास्तर म्हणाले.

मत मतासारखं घेण्याची आमच्या मंडळाची एक पद्धत होती. आमचे संस्थापक फार करारी होते. ते समोर बसले की त्यांच्याविरुद्ध हात वर करायची कोणाची छाती होत नसे. ही गोष्ट त्यांच्याच लक्षात आली आणि त्यांनी नियम घातला: मत देताना सगळ्यांनी डोळे मिटायचे, म्हणजे कोणी कोणाकडे पाहून हात वर करणार नाही. अध्यक्षांनी "हं" म्हटलं की वर केलेले हात तसेच ठेवून डोळे उघडायचे. आणि दुसरा नियम: माणसाच्या बाबतीतला निर्णय एकमतानेच. एकाचा हात जरी खाली राहिला, तरी विषय संपला. संस्थापक गेले, त्यांचा फोटो भिंतीवर लागला, पण पद्धत चालू राहिली. फोटोतही त्यांचे डोळे उघडेच होते.

म्हणजे गुलाबला ठेवायला त्या खोलीत एक हात पुरेसा होता. वर न गेलेला एक हात.

"गुलाब ठवरे यांस बोरगाव मिलच्या संघास देऊन त्या बदल्यात दोन खेळाडू घ्यावेत, या बाजूचे," आबासाहेब म्हणाले. "मिटा डोळे."

आम्ही डोळे मिटले.

आता एक सांगतो. त्या पद्धतीला तीस वर्षं होऊन गेली होती, आणि तीस वर्षांत आमच्या मंडळात पूर्ण डोळे मिटून कोणीही मत दिलेलं नव्हतं. पापण्यांत बारीक फट ठेवायची, आणि कोणाचा हात वर जातो ते पाहून आपला न्यायचा, हे नवीन सभासदाला पहिल्याच बैठकीत कळायचं. त्या संध्याकाळीही सगळ्यांच्या पापण्यांत फट होती. वामनरावांच्या होती, आबासाहेबांच्या होती, फक्त चहापुरते येणाऱ्या दोघा सभासदांच्या होती, माझ्याही होती. आणि आमच्या सगळ्यांच्या फटी दोनच माणसांवर लागल्या होत्या. मास्तर नाही म्हणाले तर आम्ही नाही म्हणणार होतो. गुलाब नाही म्हणाला तरीही. वामनरावसुद्धा, त्यांनी मला नंतर तसं सांगितलं.

त्या दोघांचे डोळे मात्र घट्ट मिटलेले होते. गुलाबने तर इतके आवळले होते की कपाळाला आठ्या पडल्या होत्या. मास्तरांनी मान जरा वर केली होती, ऊन तोंडावर आल्यासारखी. दोघांच्या मध्ये आम्ही पाच जणं बसलो होतो. कोणी खाकरलं नाही. बाहेर विटांवर बसलेली पोरं कसल्या तरी गोष्टीवर हसत होती.

आणि दोघांचे हात एकदम वर गेले.

एकदम म्हणजे एकदम. मधल्या वर्तुळात पंच चेंडू उंच फेकतो, तेव्हा दोन खेळाडू जसे एका क्षणाला उडतात, तसे. एकाने दुसऱ्याला पाहिलं नव्हतं. माझ्या मनात आलं, बघा, किती वर्षं एकत्र राहिल्यावर माणसं एकसारखा विचार करायला लागतात. दोघांनाही हेच हवं होतं. मग आपण कोण? मी हात वर केला. वामनरावांनी केला. चहापुरत्या दोघांनी केला, आबासाहेबांनीही केला.

"हं," आबासाहेब म्हणाले.

सगळ्यांनी डोळे उघडले. मास्तरांनी गुलाबचा हात पाहिला. गुलाबने मास्तरांचा पाहिला. मग दोघांनी खाली घेतले.

"एकमताने मंजूर," आबासाहेब म्हणाले. "चहा आणा."

सोमवारच्या बसने गुलाब गेला. मी सोडायला गेलो होतो, कारण मास्तर येणार नाहीत असं मला वाटलं होतं. ते आले होते, पण बसच्या मागच्या बाजूला उभे होते, टपावरची ट्रंक नीट बांधली आहे की नाही ते पाहत. गुलाब खिडकीतून त्यांना शोधत होता. बस निघताना मास्तर पुढे आले.

"डाव्या हाताचा सराव सोडू नको," ते म्हणाले.

"नाही सर."

"मिलमध्ये जेवण बरं असते म्हणतात."

"हो, म्हणतात."

एवढंच. मला वाटलं, खेळाडू माणसं. यांना बोलता येत नाही.

निर्णय मात्र कमालीचा यशस्वी ठरला. मंडळाच्या इतिहासात यशस्वी ठरलेला तो पहिलाच निर्णय असावा. बोरगावची दोन पोरं खरोखरच तयार होती. एकाचं आडनाव बोबडे, दुसऱ्याचं डांगे. ती चेंडू मिळाला की लगेच दुसऱ्याला द्यायची. आमच्या पोरांना आधी हे समजेना. चेंडू हातात आला की ती दचकायची, आणि समोर गुलाब नसल्यामुळे नाइलाजाने पळायला लागायची. मग हळूहळू जमलं. दोन सामने जिंकले, तिसरा थोडक्यात गेला, चौथा जिंकला. आबासाहेबांनी नगरपालिकेत जाऊन सांगितलं, की दूरदृष्टी म्हणजे काय ते आता बघा. बँडवाल्यांनी पहिल्यांदा निकाल विचारून वाजवायला सुरुवात केली.

मास्तर रोज मैदानावर यायचे, शिट्टी वाजवायचे, ओरडायचे, पंप मारायचे. पूर्वीपेक्षा जास्तच काम करायचे. मी एकदा त्यांच्या घरी गेलो होतो. दार उघडंच होतं. दोन्ही खाटा टाकलेल्या होत्या.

"अजून दार लागत नाही वाटतं," मी गमतीने म्हणालो.

"उन्हाळा आहे," मास्तर म्हणाले. "उघडंच बरं."

हंगामाचा शेवटचा सामना आमच्या मैदानावर, बोरगाव मिलशी. जिंकलो तर पहिल्या गटात राहणार, हरलो तर भाजीबाजार. तो सामना आम्ही जिंकला, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाचा जीव उगाच त्यात अडकायला नको. बाजाराच्या विटा पुढे शाळेच्या मुतारीला लागल्या. मैदान अजून आहे. पण मला सांगायचं आहे ते त्या सामन्यातल्या एका मिनिटाबद्दल.

गुलाब निळं बनियन घालून आला होता. आमची पांढरी. लोकांनी टाळ्या वाजवाव्यात की नाही हे न कळल्यामुळे अर्ध्या वाजवल्या. त्याने मास्तरांना वाकून नमस्कार केला, मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि खेळ सुरू झाला. गुलाब चांगला खेळला. तिथेही त्याच्याकडेच चेंडू फेकत होते आणि पाहत उभे राहत होते. बोरगाव पुढे, मग आम्ही पुढे, मग बोरगाव एका गुणाने पुढे. शेवटची दोन-तीन मिनिटं राहिली असताना मास्तरांनी टाइम-आउट मागितला.

मास्तरांची पोरांना गोळा करायची एक रीत होती. डोक्यावर दोन टाळ्या वाजवायचे आणि म्हणायचे, "या रे, या." पोरं धावत येऊन त्यांच्याभोवती कोंडाळं करायची. मी पाण्याचे पेले घेऊन मागे उभा होतो. चिटणिसाचं दुसरं काम ते.

दोन टाळ्या वाजल्या. पोरं आली. डाव्या बाजूची दोन पोरं जरा सरकली आणि त्यांनी जागा केली. त्या जागेत गुलाब येऊन एक गुडघा टेकून बसला. तो नेहमी तसाच बसायचा, म्हणजे मागच्यांना मास्तर दिसावेत. धापा टाकत होता. घाम पुसत होता. निळं बनियन ओलं होऊन काळं दिसत होतं.

कोणी काही बोललं नाही. बोबडे आणि डांगे एकमेकांकडे पाहायला लागले, पण ते नवीन होते.

"ऐका," मास्तर म्हणाले. ते खाली वाकून काडीने मातीत रेघा ओढत होते. "गुलाबला डावीकडून जाऊ द्यायचं नाही. तिकडून तो थांबत नाही. बोबडे, तू त्याच्या डावीकडे राहा. उजवीकडे गेला तर जाऊ दे, तिकडून त्याचा नेम अर्धा होतो."

"बरोबर आहे सर," गुलाब म्हणाला. "पण बोबडे एकटा पुरणार नाही. डांगेला मागे ठेवा."

"डांगे, तू मागे राहा," मास्तर म्हणाले. "आणि गुलाब, तू चेंडू सुटला की..."

काडी थांबली.

मास्तरांनी वर पाहिलं. मग बनियनाकडे पाहिलं.

"तू इथं काय करून राहिला?"

गुलाबने आपल्या छातीकडे पाहिलं. आपण कोणत्या रंगात आहोत हे तो पहिल्यांदाच पाहत असावा. "तुम्ही टाळी वाजवली ना," तो म्हणाला.

"मी आमच्या पोरांसाठी वाजवली."

"होय जी." तो उठायला लागला, पण पुरता उठला नाही. "सवय आहे. जाते हळूहळू."

"तुला जायचं होतं," मास्तर म्हणाले. हा प्रश्न नव्हता. "आता सवयीचं काय सांगतो."

"मले जायचं होतं?"

"तूच म्हणाला सभेत. मी असलो की बाकीचे पाहत राहतात, मी नसलो तर खेळतील. एवढं सगळं तोंडपाठ करून आला होता."

"ते तुमच्यासाठी म्हटलं मी!" गुलाबचा लहान आवाज फुटला. "मैदान जाऊन राहिलं होतं. तुम्हाला माझ्यासमोर द्या म्हणता आलं नसतं. म्हटलं, आपणच म्हणावं, म्हणजे तुम्हाला सोपं जाईल. आणि तुम्ही तर लाकडी पट्ट्या सांगून राहिले. खाटा सांगून राहिले. दार लागत नाही म्हणाले."

"तू जायचं म्हणून बसला होता. मी काय सांगू, राहा म्हणून? म्हाताऱ्यासाठी राहा?"

"म्हणायचं ना!"

"मग हात काहून वर केला?"

"तुम्ही करणार म्हणून. एकट्या तुमचा वर जाऊ नये म्हणून."

मास्तरांनी हातातली काडी खाली ठेवली. "मीपण तेच केलं," ते म्हणाले.

पोरं मातीतल्या रेघांकडे पाहत होती. माझ्या हातात पाण्याचे पेले होते आणि ते मी कोणालाच दिले नव्हते. मला ती संध्याकाळ आठवली. एकदम वर गेलेले ते दोन हात आठवले. त्या खोलीत डोळे खरोखर मिटलेली माणसं दोनच होती. उघड्या डोळ्यांच्या आम्ही पाच जणांनी ते सगळं पाहिलं, आणि आम्हाला वाटलं, यांना हेच हवं आहे.

मास्तरांनी हात पुढे केला आणि गुलाबच्या कपाळावरचा घाम आपल्या सदऱ्याच्या बाहीने पुसला. गुलाब लहान पोरासारखा मान वर करून बसून राहिला. मैदानाभोवती एवढी माणसं होती, पण कोणी शिट्टी मारली नाही, कोणी हसलं नाही.

पंचांची शिट्टी वाजली. ते वर्ध्याहून आलेले, जाड चष्म्याचे, अतिशय नियमाचे गृहस्थ होते. मैदानाच्या मध्यावर उभे राहून त्यांनी बोटांनी पलीकडचे मोजले, मग अलीकडचे मोजले, मग पुन्हा एकदा पलीकडचे. शेवटी चेंडू काखेत धरून ते आमच्याकडे चालत आले.

"मास्तर, वेळ झाली," ते म्हणाले. "तुमच्याकडे सहा दिसतात, त्यांच्याकडे चारच. यातला एक जरा तिकडे देता का?"